लुक्लाची धावपट्टी जमिनीत का बुडते?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात चूक झाली असेल तर लगेच कळेल. तुम्ही फ्लाइट सिम्युलेटरसाठी, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायच्या खेळासाठी, नेपाळमधल्या डोंगरी धावपट्ट्यांची चार फुकट सीनरी पॅक (विमानतळ आणि भोवतीचा देखावा) उतरवलीत आणि चारही एकदमच कम्युनिटी फोल्डरमध्ये, म्हणजे बाहेरचं सामान ठेवायच्या फोल्डरमध्ये, टाकलीत. त्यातलं एक ठीक चालतंय. एक दिसतच नाही, तिथं गेलं की नुसता डोंगर. लुक्लाच्या विमानतळावर इमारती एकमेकींत घुसल्यात आणि रनवेचं वरचं टोक मातीत गेलंय. चौथ्या ठिकाणी विमान जमिनीपासून हातभर वर तरंगतं. आणि तुम्ही विचारताय, फाइली खराब आहेत की लॅपटॉप कमी पडतोय?

बहुतेक दोन्ही नाही. सोलापूरला नव्या पेठेत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि २००६ साली फ्लाइट सिम्युलेटर एक्स आला तेव्हापासून रात्री शटर ओढल्यावर मी उडतोय. डोंगरातल्या धावपट्ट्या हा माझा जुना नाद. तुमच्या चारपैकी तिन्ही तक्रारी मी स्वतः भोगल्यात, आणि तिन्हींची कारणं वेगवेगळी निघाली होती. म्हणून एकाच औषधानं सगळं बरं होईल असं मी सांगणार नाही.

तुम्ही सिम्युलेटर कुठला ते लिहिलेलं नाही. पण 'कम्युनिटी फोल्डर' म्हणताय म्हणजे मायक्रोसॉफ्टचा २०२० किंवा २०२४ वाला असणार. मी २०२० धरून लिहितो. २०२४ मध्ये बरंचसं सामान थेट सर्व्हरवरून येतं, मेनूतल्या जागा बदलल्यात, पण विचार करायची पद्धत तीच. एक्स-प्लेन हा दुसरा सिम्युलेटर असेल तर त्याचंही पुढे थोडं लिहिलंय.

आधी मूळ गोष्ट समजून घ्या. सपाटीवरच्या विमानतळात सीनरीवाल्याची चूक झाली तरी खपून जाते. आपलं होटगी रोडचं विमानतळ घ्या. भोवतीची जमीन ताटासारखी. कोणी रनवे अर्धा मीटर वर बसवला काय, खाली बसवला काय, आपल्याला पत्ता लागत नाही. लुक्लाचं तसं नाही. तिथला रनवे फक्त ५२७ मीटर लांब आणि चढ जवळपास १२ टक्के. गुणाकार करून बघा, खालच्या टोकापेक्षा वरचं टोक साठेक मीटर उंच येतं. आपल्या सिद्धेश्वर कारखान्याची २०२३ मध्ये पाडलेली चिमणी डोळ्यासमोर आणा, ती सुमारे ९० मीटरची होती. म्हणजे लुक्लाच्या एका रनवेत दोन तृतीयांश चिमणी मावते. फ्रान्समधल्या कुर्शेवेलला तर चढ १८ टक्क्यांच्या वर आहे आणि लांबी ५३७ मीटर. अशा जागी जमीन थोडी इकडची तिकडं झाली की रनवेचं एक टोक पुरलं जाणार आणि दुसरं हवेत लटकणार.

आणि जमीन इकडची तिकडं होते, कारण डोंगर एकाचा असतो आणि धावपट्टी दुसऱ्याची. डोंगर सिम्युलेटर देतो, त्याला आपण मेश म्हणतो. धावपट्टी, टिनाची शेड, दगडी भिंत, वाऱ्याचा पायजमा (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) हे सगळं ॲड-ऑनवाला, म्हणजे बाहेरून जोडायचं पॅक बनवणारा, देतो. त्यानं ते त्याच्या मशीनवर, त्या दिवशी जो डोंगर दिसत होता त्याच्या मापानं बसवलेलं असतं. एकाच्या अंगावर माप घेऊन शिवलेला सदरा दुसऱ्यानं घातला तर कुठंतरी घट्ट, कुठंतरी सैल होणारच. शिंप्याची चूक नाही आणि घालणाऱ्याचीही नाही. म्हणून डोंगरी सीनरी बसवताना माझा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: माझ्या मशीनवरचा डोंगर आणि बनवणाऱ्याच्या मशीनवरचा डोंगर एकच आहे का?

तो एक नसण्याचं सगळ्यात मोठं कारण आपल्या गावात इंटरनेट आहे. २०२० मध्ये बारीक तपशिलाचा डोंगर नेटवरून येतो. नेट मंदावलं की सिम्युलेटर एक छोटी सूचना टाकतो आणि ऑनलाइन डेटा बंद करून टाकतो. आपण घाईत 'ठीक आहे' दाबतो आणि विसरतो. मग डिस्कवर साठवलेला ढोबळ डोंगर दिसायला लागतो, आणि त्यावर धावपट्टी बसता बसत नाही. माझ्याकडे हे उन्हाळ्यात हमखास व्हायचं. दुपारी वीज जायची, इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालायचा पण राउटर बंद पडायचा, आणि मी तासभर सीनरीवाल्याला शिव्या घालत बसायचो. आता राउटरही इन्व्हर्टरवर घेतलाय. तुमचं विमान जिथं हातभर वर तरंगतं, तिथं आधी हेच तपासा: जनरल ऑप्शन्समध्ये डेटाच्या पानावर जा आणि ऑनलाइन सोयी आणि बिंगचा डेटा चालू आहे का बघा. तिथंच रोलिंग कॅश आहे, ती एकदा पुसून टाका. जुना डोंगर तिथं साठून राहिलेला असू शकतो.

दुसरं कारण, अपडेट. मायक्रोसॉफ्ट मधूनमधून एखाद्या प्रदेशाचा डोंगर सुधारून देतो. सुधारला म्हणजे बदलला. बदलला की आधी बनवलेली ॲड-ऑन धावपट्टी वर किंवा खाली होते. त्यामुळे पॅक उतरवताना शेवटची आवृत्ती कधीची आहे ते बघायचं, आणि सोबतची वाचा-मला फाइल खरंच वाचायची. दुकानात येणाऱ्या दहातल्या नऊ जणांनी ती उघडलेलीच नसते. त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं, अमुक वर्ल्ड अपडेट आधी टाका, किंवा अमुक मेश पॅक लागेल. कधी उलटंही असतं: दुसऱ्या कोणाचं हिमालयाचं मेश पॅक असेल तर आधी काढा. तुमच्या चारात किंवा आधीच्या सामानात असं मेश पॅक असेल तर तेच बऱ्याच गोष्टींचं मूळ असू शकतं.

आता जी धावपट्टी दिसतच नाही तिचं. इथं डोंगराचा काही संबंध नाही. पंधरातल्या बारा वेळा हा फोल्डरात फोल्डरचा प्रकार असतो. झिप उघडली की विंडोज स्वतःच झिपच्या नावाचा एक फोल्डर करतं, त्यात पॅकचा खरा फोल्डर असतो. कधी त्याच्याही आत अजून एक. आपण बाहेरचाच उचलून कम्युनिटीत टाकतो. सिम्युलेटर फक्त पहिल्या दारात डोकावतो. तिथं त्याला मॅनिफेस्ट आणि लेआउट नावाच्या दोन फाइली दिसल्या तर तो आत जातो, नाही दिसल्या तर काही न बोलता पुढे निघून जातो. चूक दाखवणारी एक ओळसुद्धा येत नाही, हीच पंचाईत. कम्युनिटी उघडा, पॅकच्या फोल्डरवर एकदाच डबल क्लिक करा. समोर मॅनिफेस्ट आणि लेआउट दिसायला पाहिजेत. अजून एक फोल्डरच दिसला तर आतला बाहेर काढा.

कम्युनिटी फोल्डर नेमका कुठं आहे यातही गंमत होते. मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरवरून घेतलेल्या सिम्युलेटरचा एका जागी, स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानातल्याचा दुसऱ्या जागी, आणि बसवताना तुम्ही ड्राइव्ह बदलला असेल तर तिसरीकडेच. लोक जुन्या व्हिडिओत बघून स्वतःच 'कम्युनिटी' नावाचा फोल्डर तयार करतात आणि त्यात सामान टाकत बसतात. शोधाशोध करू नका. सिम्युलेटरमध्ये डेव्हलपर मोड चालू करा, वर पट्टी येते, त्यात टूल्स, मग व्हर्च्युअल फाइल सिस्टिम, आणि तिथं कम्युनिटी फोल्डर उघडायचं बटण आहे. सिम्युलेटर स्वतः दाखवतो तोच खरा. काम झालं की डेव्हलपर मोड बंद करा.

अजून एक कारण, ते मला बऱ्याच उशिरा कळलं. विजापूर रोडवरचा एक मुलगा लॅपटॉप घेऊन आला. फोल्डर बरोबर, फाइली बरोबर, तरी अर्धं विमानतळ गायब. रनवे आहे, इमारती पांढऱ्याफटक. शेवटी पाथ, म्हणजे फाइलचा पूर्ण पत्ता, मोजला. विंडोजमध्ये त्याचं युजरनेम म्हणजे त्याचं, वडिलांचं आणि आडनाव असं सगळं सलग. त्यापुढे सिम्युलेटरचा लांबलचक पत्ता, त्यापुढे पॅकचं अर्ध्या ओळीचं नाव. विंडोज जुन्या सवयीनं २६० अक्षरांपर्यंतच पत्ता धरतं, त्यापुढच्या फाइली त्याच्या लेखी नाहीतच. टेक्स्चर, म्हणजे इमारतींच्या अंगावर चढवायची चित्रं, सगळ्यात आतल्या फोल्डरात असतात, म्हणून नेमकी तीच पडतात. उपाय सोपा निघाला: डी ड्राइव्हवर दोन-तीन अक्षरांच्या नावाचा फोल्डर केला, सगळी पॅक तिथं ठेवली आणि ॲडऑन्स लिंकर नावाच्या फुकट प्रोग्रॅमनं कम्युनिटीत फक्त दुवे सोडले. हवं ते पॅक एका टिचकीनं चालू, नको ते बंद, आणि सी ड्राइव्हही मोकळा. मी आता स्वतः तसंच करतो. फक्त झिप थेट त्या छोट्या फोल्डरातच उघडायची, डेस्कटॉपवर उघडून मग उचलायची नाही.

हे सगळं बरोबर असूनही काहीच दिसत नसेल तर एक बारीक गोष्ट विचारतो. सिम्युलेटर मध्येच बंद पडल्यावर पुढच्या वेळी तो 'सेफ मोड'मध्ये सुरू करू का असं विचारतो. हो म्हटलं की कम्युनिटीतलं सगळं बाजूला ठेवतो. तुम्ही हो म्हटलं होतं का, आठवून बघा. आणि पॅक टाकल्यावर सिम्युलेटर पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केला होता ना? चालू असताना टाकलेलं त्याला दिसत नाही.

आता लुक्ला. इथं इमारती एकमेकींत घुसण्याचं कारण जवळजवळ नक्की सांगता येतं: लुक्ला तुमच्याकडे आधीच आहे. २०२० च्या साध्या आवृत्तीतही ३० विमानतळ मायक्रोसॉफ्टनं हातानं बनवून दिलेत आणि त्यांत लुक्ला, भूतानचं पारो, कुर्शेवेल हे तिन्ही येतात. तुम्ही त्यावर दुसरं लुक्ला ठेवलंत. चांगला बनवणारा असेल तर तो आधीचं पुसायची सोय करतो. फुकट पॅकात ती असेलच असं नाही. मग एकाच जागी दोन टर्मिनल, दोन भिंती, आणि दोन वेगवेगळे चढ. तुमच्या रनवेचं वरचं टोक मातीत गेलंय ते बहुधा यामुळंच. एक पॅक म्हणतं जमीन इथं, दुसरं म्हणतं तिथं.

उपाय दोन आहेत. कंटेंट मॅनेजरमध्ये जाऊन मायक्रोसॉफ्टचं लुक्ला काढून टाकायचं आणि तुमचं ठेवायचं, किंवा तुमचं काढायचं. माझं मत विचाराल तर आधी दुसरं करा. मूळ लुक्ला चांगलं आहे, आणि फुकट आहे म्हणून प्रत्येक गोष्ट घरात आणायलाच पाहिजे असं नाही. मूळ लुक्लावर दहा वेळा उतरा, मग ॲड-ऑनमध्ये खरंच काय जास्त आहे ते डोळ्याला कळेल. तरी हवंच असेल तर मूळ काढून टाका. कंटेंट मॅनेजरमधून ते परत आणता येतं, घाबरायचं कारण नाही. अजून एक खात्री करा, कम्युनिटीत लुक्लाची दोन वेगळी ॲड-ऑन तर नाहीत ना. लुक्लाचा कोड व्ही एन एल के आहे, तो टाकून फोल्डरात शोधा. पॅकांच्या नावात बहुतेक वेळा कोड असतोच.

दोन पॅक एकाच जमिनीवर हक्क सांगत असतील तर कोणाचं चालतं? २०२० मध्ये कम्युनिटीतले फोल्डर नावाच्या अक्षरक्रमानं उचलले जातात आणि शेवटी आलेल्याचं म्हणणं वर राहतं. म्हणून काही लोक धावपट्टीच्या फोल्डरच्या नावापुढे झेड अक्षर लावतात, म्हणजे ते मेश पॅकच्या नंतर येतं. जुगाड आहे, पण चालतो. नाव बदलताना फक्त बाहेरच्या फोल्डरचं बदलायचं, आतल्या कशालाही हात लावायचा नाही.

म्हणजे तुमच्यापुरतं आत्तापर्यंत असं झालं: जे दिसत नाही त्याचा फोल्डर उघडून बघा, लुक्लाला दोघांपैकी एकाला घरी पाठवा, आणि तरंगणाऱ्या विमानासाठी नेट, कॅश आणि मेश तपासा. हे एकेक करून करा. सगळं एकदम बदलून सिम्युलेटर सुरू केलात तर कशानं बरं झालं ते कळणार नाही, आणि कशानं बिघडलं तेही नाही.

मी हे शहाणपण गड्ड्याच्या यात्रेच्या सुटीत विकत घेतलं. एका रात्रीत पापुआ न्यू गिनी, नेपाळ आणि आल्प्सच्या मिळून बावीस धावपट्ट्या टाकल्या. सकाळी सिम्युलेटर लोडिंगच्या निळ्या पट्टीवर अडकला तो हलेना. एकेक काढून बघायला लागलो. दर वेळी सुरू व्हायला दहा मिनिटं. सात-आठ झाल्यावर बायको म्हणाली, "अहो, निम्मं निम्मं का करत नाही?" ती शाळेत गणित शिकवते. निम्मे बाहेर काढले, चाललं. म्हणजे दोष बाहेरच्या अकरात. त्यातले सहा आत, परत अडकला. म्हणजे त्या सहात. असं करत पाच फेऱ्यांत गुन्हेगार हातात. बावीस फेऱ्या लागल्या असत्या तिथं पाच. तुमची चारच आहेत, पण सवय आत्तापासून लावा, चाराची चाळीस व्हायला वेळ लागत नाही.

तपासणीही ठरवून करायची. वेळ दुपारची, आकाश स्वच्छ, वारा बंद. सुरुवात थेट रनवेवरून करा, मग ड्रोन कॅमेरा घेऊन दोन्ही टोकांना जा आणि कॅमेरा जमिनीच्या पातळीवर आणा. रनवेची कड मातीला चिकटली आहे का, खाली काळी फट दिसते का, कुठं उभी भिंत उठली आहे का. वरून बघून हे कळत नाही. मग वीसेक किलोमीटर लांबून उडत या. काही दोष असे असतात की जवळ सुरू केलं की दिसत नाहीत, लांबून आलं की दिसतात, कारण जमीन टप्प्याटप्प्यानं बारीक होत जाते. ग्राफिक्समध्ये टेरेन लेव्हल ऑफ डिटेल (जमीन किती बारकाईनं दाखवायची ते) फार खाली ठेवलं असेल तर लांबून रनवे वेडावाकडा दिसतो आणि जवळ गेल्यावर सरळ होतो. तो दोष पॅकचा नाही.

लॅपटॉपबद्दल विचारलंत म्हणून. ताकद कमी असेल तर सिम्युलेटर अडखळेल, टेक्स्चर धुरकट येतील, किंवा सरळ डेस्कटॉपवर फेकून देईल. पण धावपट्टी जमिनीत बुडणार नाही. ग्राफिक्स कार्डाची मेमरी चार जीबी असेल तर फोर-के टेक्स्चरची पॅक टाळा, बरेच जण हलकी आवृत्तीही देतात.

एक्स-प्लेनवाल्यांसाठी थोडक्यात. तिथं पॅक कस्टम सीनरी फोल्डरमध्ये जातं आणि क्रम सीनरी पॅक्सच्या आयएनआय फाइलमध्ये असतो. नोटपॅडमध्ये उघडते. जे वरच्या ओळीत त्याचं चालतं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या उलट. विमानतळ वर, लायब्ररी (अनेक पॅक मिळून वापरतात तो इमारती-वस्तूंचा साठा) मध्ये, उपग्रह चित्रं त्याखाली, मेश सगळ्यात तळाला. नवीन पॅक टाकलं की एक्स-प्लेन त्याला आपोआप सगळ्यात वर चढवतो. मेश टाकलं की तेच डोक्यावर बसतं आणि खालची धावपट्टी झाकते. ओळ कापून खाली नेली की झालं. इमारती गायब असतील तर एखादी लायब्ररी राहिली असणार, लॉग फाइलमध्ये तिचं नाव सापडतं.

आणि कोणी फ्लाइट सिम्युलेटर एक्सच्या काळातलं डोंगरी पॅक 'नव्यातही चालतं' म्हणून देत असेल तर घेऊ नका. त्या सिम्युलेटरला उताराचा रनवे माहीतच नव्हता. सगळं विमानतळ एकाच उंचीवर सपाट. बनवणारे अदृश्य फळ्या टाकून चढ असल्याचा भास करायचे. फार हुशारीचं काम होतं, पण त्या घरातलं सामान या घरात बसत नाही.

शेवटचं. सगळं जुळल्यावर तुम्ही लुक्लाला सेसना १७२ हे छोटं विमान घेऊन जाल आणि परत लिहाल की विमान चढत नाही, पॅक बिघडलंय. पॅक बिघडलेलं नाही. लुक्ला २,८४५ मीटरवर आहे, साधारण ९,३०० फूट. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना ढोबळमानानं तीन टक्के ताकद गमावतं, म्हणजे तिथं पाव भागाहून जास्त ताकद गेलेली असते. आपल्या सोलापूरच्या दीड हजार फुटांवर लाल मिक्श्चर नॉब (इंजिनात हवेबरोबर किती पेट्रोल जायचं ते ठरवणारा) पूर्ण आत ढकलून चालतं, तिथं तो बाहेर ओढून पेट्रोल कमी करावं लागतं. खऱ्या लुक्लाला ट्विन ऑटर आणि डॉर्निअर २२८ जातात, सेसनाचा हट्ट धरू नका. सिम्युलेटरमधलं एक्स कब हे हलकं विमान घ्या. उतरायचं नेहमी चढावर, रनवे ०६ वर, आणि उड्डाण उतारानं, त्याच पट्टीच्या दुसऱ्या टोकाकडून, म्हणजे २४ वरून. उतरताना परत फिरायला जागा नाही, समोर डोंगर आहे. तो तरी दोन्ही मशीनवर एकाच जागी असतो.

एवढं करून काही राहिलं तर तीन गोष्टी कळवा: सिम्युलेटर स्टोअरचा की स्टीमचा, कम्युनिटीतल्या सगळ्या फोल्डरांच्या नावांचा फोटो, आणि तरंगणाऱ्या धावपट्टीच्या दोन्ही टोकांचे जमिनीच्या पातळीवरून घेतलेले फोटो. मी रात्री दहानंतर बघतो.